बाबा फिश ऑइलच्या कॅप्सूल घेतच नाहीत, काय करू?

"ताई, केमो चालू आहे, डॉक्टरांनी फिश ऑइल लिहून दिलंय पण बाबा घेतच नाहीत, कधी उशीखाली सापडते कॅप्सूल कधी बेसिनमध्ये." हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एक केस सांगते (ओळख बदललीय).

आमच्या इंदूरचंच, लोकमान्य नगरमधलं घर. सासऱ्यांना जठराचा कॅन्सर, वजन भराभर उतरत होतं म्हणून डॉक्टरांनी रोज २ ग्रॅम ईपीए (माशाच्या तेलातलं एक ओमेगा-३ फॅट) सांगितलं. सूनबाईंचं एकच, "ते हट्टी आहेत हो, तुम्ही समजवा."

मी काकांशी एकटीच बोलले. तर घर पक्कं शाकाहारी, काकांना ही 'ताकदीची गोळी' म्हणून दिलेली आणि दुपारी ढेकर आली ती मासळीच्या वासाची! कोणाला काही बोलले नाहीत बिचारे, पण तेव्हापासून घरच्यांच्या हातची कुठलीच गोळी विश्वासाने घेईनात, उलटीचीसुद्धा. लपवून देणं मला मुळीच पटत नाही, पेशंट आजारी असतो, खुळा नसतो.

मग सुनेसमोरच सगळं खरं सांगितलं, की ही माशाच्या तेलाची आहे, याने कॅन्सर बरा होत नाही, भूक आणि वजन टिकायला थोडी मदत होऊ शकते, बस. नको असेल तर शेवाळापासून काढलेलं तेल शाकाहारी कॅप्सूलमध्ये मिळतं, मासे तरी ओमेगा-३ शेवाळातूनच मिळवतात ना. फक्त त्यात बरेचदा डीएचए (दुसरं एक ओमेगा-३) जास्त न् ईपीए कमी असतं, म्हणून लेबल वाचायचं. काकूंनी लगेच विचारलं, "जवसाची चटणी चालेल का?" चटणी खुशाल खा, पण जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए फारच थोडं बनतं, त्यामुळे ती याची जागा घेत नाही.

लेबलवरून अजून एक गंमत निघाली. मुलाने आणलेली साधी १००० मिग्रॅची कॅप्सूल, त्यात ईपीए फक्त १८० मिग्रॅ. म्हणजे २ ग्रॅमसाठी अकरा गिळा! केमोत मळमळणाऱ्या माणसाला कोण देणार अकरा? डॉक्टरांना विचारून शेवाळाचीच, जास्त ईपीएवाली घेतली, संख्या चारवर आली, दोन दुपारी वरण-भात-तुपासोबत, दोन रात्री जेवताना, रिकाम्या पोटी अजिबात नाही. जेवणात तूप-तेल असलं की हे नीट शोषलं जातं आणि ढेकरही कमी येते. बाटली गॅसजवळच्या फळीवर होती, मे महिन्यातलं इंदूर म्हणजे तेल खवट होणारच, ती फ्रीजमध्ये गेली. काही जण कॅप्सूल गोठवून घेतात, त्यानेही वास कमी जाणवतो.

केमोच्या दिवशी घ्यायची की नाही हे ऑन्कॉलॉजिस्टलाच विचारा, सिस्प्लॅटिनसारख्या औषधांच्या आसपास काही डॉक्टर बंद ठेवायला सांगतात. प्लेटलेट्स कमी असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सांगा. आणि कॉड लिव्हर ऑइल आणू नका याऐवजी, त्यात व्हिटॅमिन ए असतं, जास्त झालं तर त्रास.

काका आता घेतात, एखाद्या दिवशी चुकते. चुकली तर चुकली, दुसऱ्या दिवशी डबल द्यायची नाही न् घरात त्यावरून वाद तर नाहीच. वजन उतरायचं थांबलंय, कॅप्सूलमुळेच असं मी म्हणणार नाही, जेवणही सुधारलंय त्यांचं.