अगदी कडेनं चालवली की सायकल सुरक्षित?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, राजारामपुरीतून सायकलनं क्लासला जाते. "अगदी कडेनं चालव" असं रोज बजावते. तरी परवा शेजारून पुढं गेलेली कार एकदम डावीकडं गल्लीत वळली आणि ती थोडक्यात वाचली. आणखी काय सांगू तिला?

उत्तर : आधी "अगदी कडेनं" हे सांगणं थांबवा. सांगता काळजीपोटी, पण धोका त्यातच आहे. राजारामपुरीत मुख्य रस्त्याला थोड्या थोड्या अंतरानं गल्ली लागते. सायकल कडेला चिकटलेली दिसली की कारवाल्याला वाटतं जागा पुरेल. तो पुढं काढतो आणि लगेच वळतो. चालक बसतो उजवीकडं. त्यामुळं कारच्या डाव्या मागच्या दारापाशी असलेली सायकल बहुतेकदा त्याच्या नजरेतून सुटते.

गल्लीच्या १५-२० मीटर आधी तिनं उजव्या खांद्यावरून मागं बघावं आणि मागं वाहन नसेल तर कडेपासून मीटरभर आत यावं. पुढची कार हळू झाली किंवा तिनं डावा इंडिकेटर दिला, तर तिच्या डावीकडून घुसायचं नाही. मागंच राहायचं.

मागं बघणं सोपं वाटतं, पण मान वळली की हँडलही उजवीकडं ओढलं जातं. म्हणून मैदानात फक्कीची सरळ रेघ मारा. ती रेघेवरून सायकल चालवेल, तुम्ही मागं उभ्या राहून बोटं दाखवा. रेघ न सोडता किती बोटं ते तिनं सांगायचं. कोपरं सैल ठेवली की हे जमतं. सलग दहा वेळा जमेपर्यंत तिला त्या रस्त्यावर एकटी पाठवू नका.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरच्या डावीकडं तर कधीच जायचं नाही. डावीकडं वळताना ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, आतून कापत येतात. वळण सुरू होण्याआधी ऐसपैस दिसणारी जागा बघता बघता बंद होते.

प्रश्न : रस्त्याकडेला कार लावून दार उघडलं आणि मागून आलेली सायकल धडकता धडकता राहिली. आरशात तर बघितलं होतं!

उत्तर : नुसत्या आरशावर राहू नका. उजवं दार डाव्या हातानं उघडा. हात आडवा गेला की खांदा वळतो आणि मान आपोआप मागं जाते. दार आधी वीतभरच उघडा, पुन्हा बघा, मग उतरा. ताशी १५ किलोमीटरनं येणारी सायकल सेकंदाला चार मीटर अंतर कापते. तिच्या हँडलचं डावं टोक दाराला अडकलं, तर हँडल डावीकडं फिरतं आणि माणूस उजवीकडं, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनापुढं पडतो. दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर रस्ता अडतो, तेव्हा सायकलवाल्यांनीही उभ्या गाड्यांपासून सव्वा मीटर लांबून जावं.

सिग्नलला थांबल्यावर मागच्या सीटवरचं कुणी डावीकडून उतरत असेल, तर तेही दार असंच धोक्याचं. मागं लहान मुलं असतील तर चाइल्ड लॉक लावूनच निघा.