नारिंगी डोक्याचा कस्तूर बागेत यावा म्हणून कोणते दाणे ठेवावेत?

दाणे ठेवूच नका. कबुतरं येतील, मग बसा खराटा घेऊन. कस्तुराचं ताट म्हणजे ओला पातेरा, झाडाखाली साचलेला गळक्या पानांचा थर. गांडुळं, किडे, गोगलगायी, वरून गळलेली उंबरं, सगळं तो जमिनीवरच शोधतो.

आमचं घर चिपळूणजवळ. न्हाणीचं पाणी जातं तिथे फणस आहे, त्याच्याखाली घोटाभर पातेरा. रोज दिवेलागणीला तिथून खसखस ऐकू यायची. शेजारच्या कोंबड्या समजून हाकलायला गेले, तर हा! साळुंकीहून जरा लहान. चोचीत पान धरायचा, बाजूला भिरकवायचा, मान तिरकी करून बघायचा, की लगेच दुसरं पान. मध्येच एखादं गांडूळ ताणून काढायचा. पांढऱ्या गालावर दोन उभे काळपट पट्टे. माझी चाहूल लागली की खालच्याच फांदीवर जाऊन असा गप्प बसायचा, की नारिंगी छातीसुद्धा सावलीत सापडायची नाही.

२०१८च्या दिवाळीत काका पुण्याहून आले. "घर आहे की उकिरडा?" म्हणत दोन दिवसांत सगळा पातेरा लोटून पेटवून दिला. म्हटलं, अहो काका, तिथे पक्षी येतो. तर म्हणे, "पक्ष्याला झाडं आहेत की!" झाडं आहेत हो, पण हा खातो खाली. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत कस्तूर दिसला नाही. पुढच्या वर्षी मी खराटाच लपवून ठेवला, आणि दिवाळीत फणसाखाली पुन्हा खसखस. काका अजून "योगायोग" म्हणतात. शेणाने सारवलेल्या अंगणात गांडूळ शोधून दाखवा म्हणावं एकदा.

तुमची बाग कशी आहे ते लिहिलेलं नाही. नुसती हिरवळ आणि वर ऊन असेल तर आशा सोडा. त्याला दाट सावली, ओल, बांबूचं बेट, ओढ्याकाठ असलं काही लागतं. कर्नाळ्याला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भल्या सकाळी जा, पायवाटेच्या कडेला नुसतं उभं राहून पानांचा आवाज ऐका. पावसाळा त्याच्या विणीचा, तेव्हा गातोही सुरेख, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलासुद्धा करतो.

आणि हो, घरात मांजर असेल तर हा उद्योग नकोच.

पातेऱ्यात फुरसं, म्हणजे विषारी साप, लपतं असं काका म्हणाले होते, ते मात्र खरं. उंबऱ्याजवळचा आणि पायवाटेवरचा पातेरा लोटाच, संध्याकाळी तिकडे जाताना बॅटरी घ्या. फणसाखालचा राहू द्या.