कॅलेंडरच्या पानामागचा हिशेब पुरावा ठरेल का?

आपण कळवता की, नाशिकला आपला उन्हाळी वाळवणाचा व्यवसाय आहे. मार्च ते मे या काळात सहा जणी आपल्या गच्चीवर किलोमागे ठरलेल्या दराने पापड लाटतात, तर पाकिटांची लेबले एक तरुण स्वतःच्या घरून करून देतो. सर्व व्यवहार रोखीचा. आता एका बाईंनी तीन आठवड्यांची मजुरी थकल्याचे लेखी कळवले आहे, आणि आपल्याजवळ कॅलेंडरच्या पानामागे 'पापड १४ किलो, उचल ५००' अशा नोंदींखेरीज काही नाही.

मागच्या तारखा घालून व्हाउचरे करून ठेवा, असे कोणी सुचवले असेल तर ते मुळीच करू नये. एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वीस व्हाउचरे लगेच ओळखू येतात आणि मग खऱ्या नोंदीवरचाही विश्वास उडतो. ते पान आहे तसेच जपा. त्यावर बाईंची सही नसली तरी नोंद त्या त्या दिवशी केलेली असल्यामुळे, बँकेतून काढलेल्या रकमा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप यांच्याशी ती जुळली, तर तिला वजन येईल. याची गरज अशासाठी की, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार मजुरी दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो आणि कामगाराला दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत मिळते.

'त्या फ्रीलान्स आहेत' हा आपला बचाव मला टिकाऊ वाटत नाही. शिंप्याच्या दुकानात नगावर शिवणाऱ्या कारागिरांना सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये कामगारच मानले. यंत्रे दुकानाची होती आणि न पटलेला कपडा मालक पुन्हा शिवायला लावू शकत होता. आपल्याकडे पीठ, पोळपाट, गच्ची सारे आपले, आणि जाड झालेला पापड आपण परत लाटायला लावता. त्यामुळे दर किलोवर असला तरी दिवसाची कमाई किमान वेतनाहून कमी पडता कामा नये. कमी मजुरीला त्यांनी संमती दिली असली तरी तिचा उपयोग नाही. लेबलवाल्या तरुणाची गोष्ट निराळी आहे. संगणक त्याचा आणि गिऱ्हाइकेही इतर असतील, तर त्याच्याकडून बिल घेऊन पैसे द्यावेत.

यापुढे एका वहीत तारीख, वजन, दर, उचल आणि हाती दिलेली रक्कम लिहून प्रत्येकीची सही किंवा अंगठा घ्यावा आणि वेतनचिठ्ठीही द्यावी. पैसे शक्यतो तिच्याच खात्यात जमा करावेत. नवऱ्याच्या नंबरवर पाठवलेले पैसे तिला मिळाले, असे आपोआप ठरत नाही. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही.

सध्याच्या वादात बाईंच्या पत्राला लेखी उत्तर देऊन त्यांना हिशेबाला बोलवा, पान समोर ठेवा, जी बाकी आपल्यालाही मान्य होईल ती लगेच त्यांच्या खात्यात भरा आणि मराठीत लिहिलेली पावती वाचून दाखवूनच सही घ्या.