चोपड्याहून समुद्री जीवशास्त्राकडे जायचं तर

शेत गहाण ठेवू नका, हे आधी सांगतो. बाकीचं सावकाश.

तुझा प्रश्न असा: चोपड्यात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, समुद्री आणि उष्णकटिबंधीय जीवशास्त्र शिकायचंय, ऑस्ट्रेलियातलं जेम्स कुक विद्यापीठ मनात भरलंय, आणि समुद्र पाहिलाय तो एकदाच, सहलीत अलिबागला. वडील कर्ज काढायला तयार आहेत. इंग्रजी कच्चं आहे म्हणतेस.

जेम्स कुक या विषयासाठी उत्तमच आहे. टाऊन्सव्हिलच्या समोर ग्रेट बॅरियर रीफ, सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची, उत्तरेकडे वर्षावनं, शिवाय ऑर्फियस बेटावर विद्यापीठाचं स्वतःचं संशोधन केंद्र. पण तिथं एम.एस्सी. करायची म्हणजे बाहेरच्या विद्यार्थ्याची फी स्वतःच्या खिशातून भरायची. पीएच.डी.चं तसं नाही. ऑस्ट्रेलियात फी माफ करून वर दरमहा भत्ता देणाऱ्या शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतात; चुरस मोठी असते, पण एम.एस्सी.चा प्रबंध धड असला तर अर्ज करायला तोंड राहतं. तेव्हा एम.एस्सी. इथं कर आणि परदेशाचं नंतर बघ.

इथं कुठं? माझी पहिली पसंती परंगीपेट्टई. तमिळनाडूत वेल्लार नदीच्या मुखाशी अण्णामलै विद्यापीठाचं समुद्री जीवशास्त्र केंद्र आहे. खाडी, पिचावरमचं खारफुटीचं जंगल आणि उघडा समुद्र, सगळं हाताशी. दुसरं कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. प्रवाळच बघायचं असेल तर पाँडिचेरी विद्यापीठाचा अंदमानातला विभाग. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचं नाव तुला बरेच जण सुचवतील, पण तिथल्या एम.एफ.एस्सी.ला, म्हणजे मात्स्यिकीतल्या पदव्युत्तर पदवीला, मुळात मात्स्यिकीची पदवी लागते, प्राणिशास्त्राची नाही. त्यात वर्ष घालवू नकोस.

आता उष्णकटिबंधाबद्दल. हा शब्द ऐकला की लोकांना ॲमेझॉन आठवतं. अगं, तुझ्या घराच्या उत्तरेला दिसतो तो सातपुडा म्हणजे उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी जंगलच की! रानपिंगळ्याची गोष्ट ठाऊक आहे का? ह्यूम या ब्रिटिश पक्षीअभ्यासकानं १८७३ मध्ये या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढं डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं पश्चिम खानदेशात काही नमुने जमवले, आणि १८८४ नंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. मध्ये एक नमुना होता, १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा, माइनरट्झहॅगन या नामांकित संग्राहकाच्या नावावर. तिथं शोधाशोध करून काही हाती लागेना. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञांनी संग्रहालयातले नमुने बारकाईनं तपासले तेव्हा कळलं, की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून, पुन्हा पेंढा भरून, खोट्या चिठ्ठीनं खपवलेला आहे. मग त्यांनी मांडवी सोडून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिवसाउजेडी रानपिंगळा समोर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षांनी, आणि तो आपल्या खानदेशात! मला यात घुबडाइतकंच चिठ्ठीचं काम मोलाचं वाटतं. नमुना कुठला, कधीचा, कोणी घेतला, हे नीट लिहिण्याची सवय लाव. समुद्री प्रयोगशाळेतही पहिले सहा महिने हेच करून घेतात.

समुद्र नसला तरी आता काय करता येईल? तापी आहे. एखादं शेततळंही चालेल. (अनेर धरण मात्र अभयारण्यात येतं, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुने घ्यायचे नाहीत.) विभागातून प्लवकजाळी (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, गाळून घ्यायची बारीक जाळी) मागून घे, दर पंधरा दिवसांनी एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी पाणी गाळ, तापमान आणि पीएच लिहून ठेव, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बस. रोटिफर, डॅफ्नियाचे भाऊबंद आणि कोपेपॉड असे बारीक प्राणी दिसतील, त्यातले शेवटचे दोन कोळंबीच्या दूरच्या नात्यातले. कोपेपॉड हा गट समुद्रातही प्रचंड संख्येनं असतो. त्यातल्या कॅलॅनॉइड प्रकारात जात ठरवताना पायांची पाचवी जोडी बघतात, विशेषतः नराची. बारीक सुईनं ती सोडवायला शिकलीस, तर प्रवेशाच्या मुलाखतीत प्रवाळावरच्या दहा वाक्यांपेक्षा ते जास्त कामी येईल.

संख्याशास्त्राला घाबरू नकोस. केळीवर करपा किती, हे बघायला वडील अख्खी बाग मोजत नाहीत, इथली चार झाडं, तिथली चार झाडं बघतात. किनाऱ्यावर चौकट टाकून शंख-कालवं मोजतात त्यामागचा हिशेब तोच आहे. आर ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली फुकट आहे, तुझ्याच प्लवकांच्या आकड्यांवर शीक.

समुद्र बघायला कोकणच गाठायला हवं असं नाही. अमळनेरहून गाडीत बसलीस की नंदुरबार, नवापूर करत सुरत. डुमसला तापी जिथं समुद्राला मिळते तिथं जा. किनारा काळपट, चिखलाचा, फोटोला अगदीच बेकार. पण खंबातच्या आखाताची भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीचं वेळापत्रक बघून, ओहोटी लागली की पोच. पाणी उलटायच्या आत किनाऱ्यावर परत ये, एकटी जाऊ नकोस. खडकाळ किनारा हवा तर रत्नागिरी. तिथं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि मत्स्यालय आहे. कुठंही गेलीस तरी प्रवाळाचा तुकडा उचलायचा नाही, मेलेला असला तरी. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो.

पोहायला येत नसेल तर ते मात्र आत्ताच शीक.

कामाचं चित्र खरं सांगतो. डॉल्फिन क्वचित. गाळ चाळणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या, पहाटे बंदरावर मासळीच्या ढिगात अंगठीएवढे खेकडे वेचणं, हेच जास्त. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मग त्या दिवसांत प्रयोगशाळा आणि लिखाण. पैशाचं म्हणशील तर नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) निघाली की दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडं, २०२३ पासूनचा दर. गोव्याच्या दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथं आणि कोचीच्या मत्स्य संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी हीच वाट. कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे वडिलांनाही सांग.

इंग्रजीचं: रोज एका शोधनिबंधाचा फक्त 'पद्धती' हा भाग वाच. वाक्यं साधी असतात, शब्द तेच तेच येतात. शिवाय भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, अर्ज बहुधा दिवाळीच्या सुमारास निघतात. त्यासाठी प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं, तेव्हा प्लवकांचं काम त्यांच्या नजरेखालीच सुरू कर. नमुन्यात काही ओळखू आलं नाही, तर तारीख-ठिकाण लिहून फोटो इथं टाक.