पुण्यात पहिल्यांदाच येतोय. एफसी रोडवर काय खावं, रात्री काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला घेऊन लातूरहून शनिवार-रविवार येताय, उतरणार शिवाजीनगरला, आणि एफसी रोडचं खाणं, नाईटलाइफ आणि तिथलं कल्चर हे सगळं शनिवारी एका रात्रीत बघायचंय. मी २००१ साली परभणीहून शिकायला आलो आणि मॉडेल कॉलनीत खोली घेऊन राहिलो. तिथून हा रस्ता चालत सात-आठ मिनिटांवर. अजूनही आठवड्यातून एकदा तरी पाय तिकडे वळतातच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नाईटलाइफचं सांगून टाकतो, म्हणजे नंतर हिरमोड व्हायला नको. गाणी-बजावणी, डान्स फ्लोअर, उशिरापर्यंत चालणारे बार असं काही मनात असेल तर ते कोरेगाव पार्क, कल्याणीनगर किंवा बालेवाडी हाय स्ट्रीटला. फर्ग्युसन रस्ता, म्हणजेच एफसी रोड, संध्याकाळचा आहे. सहा ते साडेनऊ हा त्याचा भर. दहानंतर गर्दी पातळ होते, अकराच्या सुमाराला शटर खाली यायला लागतात. हा रस्ता विद्यार्थ्यांच्या घड्याळावर चालतो. मुलींच्या होस्टेलना वेळेचं बंधन, आणि खोलीवर राहणाऱ्या मुलांना घरमालकाचा धाक. आमचे मालक बरोबर दहाला फाटकाला कुलूप घालायचे. वर्षानुवर्षं हजारो पोरं अशी दहाच्या आत परतत आली, तीच सवय या रस्त्याला लागली असं मला वाटतं. तेव्हा रात्र धरून येऊ नका, ऊन कलल्यावर या.

आणि चालत या. एफसी आणि जंगली महाराज हे दोन्ही रस्ते एकमेकांना समांतर, दोन्ही एकेरी, आणि पार्किंग शोधण्यात तुमचा अर्धा तास जाईल. मेट्रोने आलात तर डेक्कन जिमखाना किंवा छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरा, तिथून रमतगमत दहा-पंधरा मिनिटं.

आता खाण्याचं. वैशाली हॉटेलला जायचंच. लोक म्हणतात उगाच नाव झालंय, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. मला ते पटत नाही. उडुपीच्या बाजूने लहान वयात पोटासाठी बाहेर पडलेल्या जगन्नाथ शेट्टींनी या रस्त्यावर जम बसवला. आजच्या रूपाली हॉटेलचं तेव्हाचं नाव कॅफे मद्रास आणि वैशालीचं मद्रास हेल्थ होम. म्हणजे पुणेकर ज्याला आपलं म्हणून मिरवतात ते मुळात दक्षिणेचं. पण एसपीडीपी तिथलीच. शेव-बटाटा-दही-पुरी. पुऱ्यांवर बटाटा, गोड दही, चटण्या, वरून बारीक शेव आणि कोथिंबीर. आली की लगेच खायची, गप्पा नंतर. दोन मिनिटांत पुरी मऊ पडते आणि मग सगळी मजा जाते.

शनिवारी संध्याकाळी तिथे नाव सांगून थांबावं लागेल, कधी कधी अर्धा तास. थांबणं नको असेल तर रूपालीत किंवा वाडेश्वरला जा, इडली दोन्हीकडे चांगली मिळते. पण माझं ऐकाल तर वैशालीला रविवारी सकाळी सात-साडेसातला जा. त्या वेळी टेकडीवरून उतरलेली म्हातारी मंडळी पेपर उघडून बसलेली असतात, वेटर त्यांना काय हवं ते विचारतसुद्धा नाहीत, आणून ठेवतात. तिथली फिल्टर कॉफी मला त्या वेळीच सगळ्यात चांगली लागते.

रविवार संध्याकाळची गर्दी वेगळी असते, तिचं कारण सांगतो. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. दुपारी फीस्ट द्यायची आणि संध्याकाळी सुट्टी, ही जुनी पद्धत. त्यामुळे पेठांतल्या, शिवाजीनगरच्या, डेक्कनच्या खोल्यांमधली सगळी पोरं त्या एका वेळेला पोटाच्या सोयीसाठी बाहेर पडतात. आम्ही चौघं मिळून दोन एसपीडीपी आणि दोन डोसे घ्यायचो, आणि ते पुरायचे. घरून मनीऑर्डर आली असेल त्या रविवारी गुडलक.

गुडलक रस्त्याच्या दक्षिण टोकाला, त्याच्या नावानेच चौक ओळखला जातो. १९३५ सालचं इराणी हॉटेल. बनमस्का आणि चहा सगळे सांगतील, पण तुम्ही मांसाहारी असाल तर खिमापाव चुकवू नका. बन चहात बुडवताना वरच्या लोण्याचे डोळे चहावर तरंगतात, तो चहा शेवटपर्यंत प्यायचा. बाहेर चौकातच कलाकार कट्टा आहे. तिथे थोडा वेळ नुसतं बसा. कुणी स्केच काढत असतं, कुणी गिटार घेऊन आलेलं असतं, बरेच जण काहीच करत नसतात. तुम्ही 'कल्चर' म्हणालात ना, त्याचा मोठा भाग पुण्यात कट्ट्यावरच होतो. काही विकत न घेता तासभर बसून राहता येणं ही शहरातली फार मोठी चैन आहे, आणि इथे ती फुकट मिळते.

खरेदीबद्दल थोडक्यात. कपडे, कानातली, बॅगा यांनी पदपथ आणि हाँगकाँग गल्ली भरलेली असते. बहिणीला आवडेल. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने सुरुवात करा. गडद रंगाचा कपडा घेतलात तर पहिल्यांदा वेगळा धुवा.

रात्रीचं म्हणाल तर माझ्या मते पुण्याची खरी रात्र नाटकाला जाते. एफसी रोडवरून पाच-दहा मिनिटं चाललात की जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिर आहे, १९६८ साली सुरू झालेलं. शनिवारी बहुधा साडेनऊचा प्रयोग असतो. जाहिरात पेपरात बघून तिकीट आधी काढून ठेवा, आणि थोडं लवकर जाऊन गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं बघा, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. दोन्हींत चेहरा एकाच माणसाचा आहे हे मनाला पटवायला मला पहिल्यांदा वेळ लागला होता. मध्यंतरात बटाटेवडा खायचा. तो वडा खाताना शेजारच्या अनोळखी माणसाशी पहिल्या अंकाबद्दल बोलायची इथे रीतच आहे, संकोच करू नका. नाटक सुटतं बाराच्या आसपास. तेव्हा मेट्रो नसते, पण तुम्हाला शिवाजीनगरलाच जायचंय, रिक्षा मिळते.

तुम्ही ऑगस्टमध्ये आलात तर आणखी एक गोष्ट. पुरुषोत्तम करंडकाचे दिवस असतात. १९६३ पासून चालत आलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, होते भरत नाट्य मंदिरात, पण तिचा ताप या रस्त्यावरही चढलेला दिसतो. तालमी संपवून आलेली पोरं टपरीवर उभ्या उभ्या प्रवेश म्हणत असतात. 'आव्वाज कुणाचा' अशी आरोळी कानावर आली तर दचकू नका.

रविवारी कॉफी झाली की फर्ग्युसन कॉलेज बाहेरून तरी बघा. सुट्टीच्या दिवशी आत सोडतीलच असं नाही, गेटवर नीट विचारा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली ते सुरू केलं. टिळक, आगरकर त्या मंडळींत होते, आगरकर पुढे प्राचार्य झाले, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इथे वर्षानुवर्षं शिकवलं. रस्त्याचं अधिकृत नावही नामदार गोखले यांचंच आहे. ते नाव मी एवढ्या वर्षांत कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला तोही याच परिसरात. मागे हनुमान टेकडी आहे, चढायला सोपी. कॉफीच्या आधी चढलात तर आणखी चांगलं. सकाळी वरून अर्धं पुणं दिसतं.

तिथून पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावर, वाहनांच्या आवाजापासून पन्नास पावलांवर आठव्या शतकातलं अख्ख्या खडकात खोदलेलं लेणं. पुढचा गोल नंदीमंडप बघा, असा गोल मंडप सहसा दिसत नाही. काम अर्धवट राहिलंय. शेजारी जंगली महाराजांची समाधी आहे, तिथे दहा मिनिटं शांत बसून या.

एक मात्र सांगायचं राहिलं. माझ्यासाठी हा रस्ता खास आहे तो याच कारणाने. नकाशावर बघाल तर एफसी रोडवर दोन चौक दिसतील: ज्ञानेश्वर पादुका चौक आणि तुकाराम पादुका चौक. जीन्सची दुकानं आणि मोमोच्या गाड्या यांच्यामध्ये ही दोन छोटी देवळं आहेत, आणि शनिवारच्या गर्दीत बहुतेक जण ती न बघता पुढे जातात. आळंदी आणि देहूच्या पालख्या पुण्यात शिरतात त्या याच रस्त्याने. त्या दिवशी वाहनं बंद. दुपारपासून दिंड्या यायला लागतात आणि वैशालीसमोरून टाळ-मृदंग जातो.

माझे वडील माऊलींच्या पालखीत आळंदीपासून चालायचे. पहिल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, दिंडीतून जरा बाजूला या, तुम्हाला मसाला डोसा खाऊ घालतो, माझ्या पैशांनी. ते म्हणाले, दिंडीतून बाहेर पडायचं नसतं रे, तूच आत ये. मग मी सॅक पुढे घेऊन त्यांच्या बाजूने गुडलकपर्यंत चाललो. एरवी पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी दीड तास लागला. चालताना ते प्रत्येक दुकानाकडे बघून विचारत होते, इथं काय मिळतं, तिथं काय मिळतं, आणि मी सांगत होतो. नंतर सहा वर्षं तसं चालणं झालं. आता ते नाहीत, पण पालखीच्या दिवशी मी रजा टाकतो आणि तेवढंच अंतर चालतो.

तुमची तारीख अजून पक्की नसेल तर ज्येष्ठ वद्यातला पालखी पुण्यात येण्याचा दिवस बघा. तीनच्या आत तुकाराम पादुका चौकात उभे राहा. वाटायला बिस्किटं नेऊ नका, ती वारकऱ्यांकडे खूप होतात. केळी न्या, किंवा पायाला लावायला तेलाच्या छोट्या बाटल्या.