शिकवणीचे सर शोधताना

प्रिय पोरी,

अकरावीच्या फिजिक्सला शिकवणी हवी आहे आणि मोठ्या क्लासची फी घरी झेपणारी नाही, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. मी आता शिकवण्या घेत नाही, पण या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लगेच कुठल्या ॲपवर नाव नोंदवायला जाऊ नकोस. आधी वही उघड आणि नेमकं कुठे अडतंय ते लिहून काढ. ‘फिजिक्स जमत नाही’ एवढं लिहून भागणार नाही. उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं गणित घे. त्याच्या वजनाचे दोन घटक पाडायचे असतात. पुष्कळ मुलं ‘आडव्याला कॉस, उभ्याला साइन’ असं घोकून येतात आणि इथे फसतात, कारण उताराच्या दिशेनं खाली ओढणारा घटक साइनचा असतो. तुझंही तिथेच चुकत असेल तर अख्खं फिजिक्स कच्चं आहे असं मुळीच नाही. त्रिकोणमितीचा पाया थोडा सैल राहिलाय, आणि तो वर्षभराच्या शिकवणीशिवाय पक्का होतो. तू दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतीस. कदाचित गणित कळत असेल आणि इंग्रजीतला प्रश्न वाचतानाच गोंधळ उडत असेल. तसं असेल तर दोन्ही भाषांत सहज बोलणारे शिक्षक शोधावे लागतील, मग त्यांचं नाव मोठं नसलं तरी चालेल.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. केंद्र सरकारच्या २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयं’ या ऑनलाइन पोर्टलवर नववीपासून पुढचे अभ्यासक्रम आहेत आणि तिथे शिकायला फी नाही. खान अकॅडमीच्या साइटवरचे व्हिडिओ धडेही मोफत आहेत. व्हिडिओ नुसता बघत बसू नकोस. उदाहरण आलं की थांबव, वहीत स्वतः सोडव, मग पुढे जा. पुन्हापुन्हा पाहूनही पेन जिथे पुढे सरकत नाही, तेवढ्यासाठीच माणूस लागतो.

आता माणूस कुठे शोधायचा? सुरुवात तुझ्या जुन्या शाळेपासून कर. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या २८व्या कलमानं शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे, त्यामुळे नोकरीत असलेल्या सरांना ‘शिकवाल का’ असं विचारून अवघडून टाकू नकोस. निवृत्त झालेलं कोण घरी शिकवतं, हे मात्र त्यांना हमखास ठाऊक असतं. एखादी शंका मधल्या सुट्टीत विचारलीस तर ते आनंदानं सांगतील, तेही शिकणंच आहे. मग कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. कुणाच्या नोट्स मुलं सतत काढून नेतात, हे त्या दुकानदाराला चांगलं माहीत असतं. त्या सरांकडे जाणाऱ्या एखाद्या मुलीला गाठ आणि तिची वही बघायला माग. अभ्यासिकेत बसणाऱ्या, नुकत्याच बारावी झालेल्या ताई-दादांनाही विचार. इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं कमी पैशांत आणि मनापासून शिकवतात, कारण त्यांचं स्वतःचं अडणं ताजं असतं. फक्त त्यांच्या सेमिस्टरच्या परीक्षा आल्या की शिकवणीला खंड पडतो, हे धरून चाल.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईला मेसेज टाकायला सांग. ‘चांगले सर सुचवा’ असं लिहिलं की वीस नावं येतात आणि त्यातली निम्मी दहावीपर्यंतचीच शिकवणारी निघतात. असं लिही: ‘अकरावी सायन्स, स्टेट बोर्ड, फक्त फिजिक्स, भांडुप पश्चिम, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सहानंतर.’ खाली नंबर आईचा. दादरच्या नावाजलेल्या सरांचा मोह पडेल, पण रात्री आठच्या कल्याण लोकलनं उभ्यानं परत येऊन जेवल्यावर वही उघडण्याची ताकद उरणार नाही. चालत जाता येईल अशी शिकवणी बघ. बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी मिळून गेलात तर फीही वाटली जाईल.

अर्बनप्रोसारख्या साइटवर विद्यार्थ्याला फुकटात मागणी टाकता येते. तुझ्यापर्यंत पोहोचायला पैसे मोजतो तो शिक्षक, म्हणून नोंदणी झाली की फोनवर फोन येऊ लागतात. घाबरू नकोस आणि पहिल्याच माणसाला हो म्हणू नकोस. रिव्ह्यू वाचताना स्टार मोजू नकोस. तो लिहिणाऱ्याची इयत्ता, बोर्ड आणि विषय तुझाच होता का, एवढं बघ. डेमोच्या आधीच ‘नोंदणी फी’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणाऱ्याला तिथल्या तिथे नकार दे. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करायची. अनोळखी शिक्षकांची पहिली भेट आई किंवा बाबा घरी असतानाच, बाहेरच्या खोलीत. याबाबत संकोच करू नकोस. चांगल्या शिक्षकाला त्यात वावगं वाटत नाही.

डेमोच्या दिवशी ठोकळ्याचं तेच गणित पुढे ठेव आणि नीट लक्ष दे. काही जण लगेच स्वतःच्या नोट्स काढून उत्तर उतरवून देतील. अक्षर सुंदर असेल, तुला बरंही वाटेल. पण खरा शिक्षक म्हणेल, ‘आधी तू सोडव,’ आणि तुझ्या वहीकडे बघत थांबेल. तू चुकलीस की तो विचारेल, ‘उतार पार सपाट केला, कोन शून्य, तर ठोकळा घसरेल का?’ तू नाही म्हणशील. ‘मग घसरवणारं बल शून्य यायला हवं. शून्य अंशाचा साइन किती? कॉस किती?’ साइन शून्य, कॉस एक. साइन कुठे घ्यायचा ते पुन्हा पाठ करावं लागणार नाही. असं विचारणारा कुणी भेटला तर त्याची पदवी कुठली, ॲपवर स्टार किती, हे सगळं बाजूला ठेव आणि त्याच्याकडे जा.

फी महिन्याची ठरव, वर्षाची एकदम भरू नकोस. महिन्यात तासिका किती, आणि त्यांच्याकडून बुडली तर भरून मिळणार का, हे आईसमोर बोलून घे. महिन्याभरात मनासारखं झालं नाही तर गुपचूप जाणं बंद करू नकोस. झालेल्या तासिकांची फी देऊन, समोर उभं राहून सांग की पुढच्या महिन्यापासून येत नाही. पुढचं नाव शोधायला त्यांचीही मदत होईल, कारण शिकवणारी माणसं एकमेकांना ओळखतात.

तुझी,
काकू