‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’मधल्या पात्रांवर परीक्षेत उत्तर कसं लिहावं?

प्रश्न विचारणारी मुलगी लाखांदूर तालुक्यातली, अकरावीत शिकणारी. इंग्रजीच्या पुस्तकात इब्सेनच्या या नाटकाचा उतारा आहे. गाइडमधून नाटकाचा नायक डॉ. स्टॉकमन याचे गुण तोंडपाठ करून लिहिले, तरी अर्धेच मार्क मिळाले आणि वर ‘पाठांतर’ असा शेरा. मग लिहायचं तरी काय, असं तिनं विचारलंय.

मी ब्रह्मपुरीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून सरळ अगं-तुगं करतो.

ऑनेस्ट, ब्रेव्ह, सेल्फलेस ही यादी कुठल्याही नाटकाच्या नायकाला चालते. उत्तरातलं नाव बोटानं झाकलं, तर ते कुणाबद्दल आहे हे मलाही ओळखता येत नाही. तपासणाऱ्यासमोर तसल्या उत्तरांचा गठ्ठा असतो. तुझ्या सरांचा शेरा कडू असेल, पण खोटा नाही.

कादंबरीत लेखक मधेच येऊन सांगू शकतो की हा माणूस लोभी आहे. नाटकात ती सोय नसते. पात्र काय बोलतं, काय करतं आणि त्याच्या माघारी बाकीचे त्याच्याबद्दल काय बोलतात, एवढंच आपल्या हाती. आणि हे ओळखण्यात आपल्या झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली माणसं पटाईत आहेत. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, त्या दिवसांत वडशाच्या कंपन्यांची नाटकं तू रात्र रात्र जागून पाहिली असशीलच. पहिल्याच प्रवेशात बाजूची आजी म्हणते, “हा मानूस काही बरा नाही बाई.” तिला कुणी सांगितलं? त्यानं घरात पाऊल टाकताना माणसांआधी तिजोरीकडे पाहिलं, एवढं तिला पुरलं. इब्सेन वाचताना तीच नजर लाव. इंग्रजीचं दडपण आलं की ही पोरं सगळं पाहिलेलं विसरतात, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात पीटर, म्हणजे डॉक्टरचा थोरला भाऊ आणि गावचा मेयर, घरात येतो. वहिनी जेवायला बस म्हणते. रात्रीचं गरम मांस आपल्याला पचत नाही, चहा आणि लोणी-पाव बरा, शिवाय तो स्वस्तही पडतो, असं तो सांगतो. डॉक्टर मात्र घरी आलेल्या तरुण पोरांना आग्रहानं खाऊ घालतो आणि पैसा हातात टिकत नाही याची त्याला फिकीर नाही. ज्यावरून पुढे सगळा झगडा होतो तो पाण्याचा विषय अजून निघालेलाही नाही, पण कोण खर्चाला भिणार आणि कोण पुढचा विचार न करता उडी घेणार, हे जेवणाच्या टेबलावरच ठरलंय. ‘पीटर काटकसरी आहे’ असं लिहिण्यापेक्षा हा लोणी-पाव लिही.

गोष्ट थोडक्यात अशी. गावात आजारी लोकांसाठी स्नानगृहं उभारली आहेत, त्यावर गावाची कमाई सुरू झाली आहे. डॉक्टर तिथलाच वैद्यकीय अधिकारी. तो पाणी विद्यापीठात तपासायला पाठवतो आणि ते दूषित निघतं, कारण वरच्या अंगाला कातडी कमावण्याचे कारखाने आहेत. दुरुस्तीला दोन वर्षं लागणार, खर्च प्रचंड, आणि तोवर स्नानगृहं बंद.

आता प्रत्येक पात्राला दोनच प्रश्न विचार: याला काय हवंय, आणि ते महाग पडायला लागल्यावर हा काय करतो? डॉक्टरपेक्षा यात जास्त मजा हॉव्हस्टॅड आणि आस्लाक्सन यांच्यात आहे. हॉव्हस्टॅड वर्तमानपत्राचा संपादक. सत्ताधाऱ्यांना झोडायची संधी म्हणून डॉक्टरचा पाण्याबद्दलचा लेख छापायला तो उतावीळ असतो. आस्लाक्सन छापखानेवाला, घरमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष. प्रत्येक वाक्यात संयम, संयम. आपल्याकडे हे पात्र विनोदी नटाला दिलं असतं आणि त्यानं टाळ्या घेतल्या असत्या. तिसऱ्या अंकात मेयर छापखान्यात येतो आणि एवढंच सांगतो की हा खर्च गावकऱ्यांच्या खिशातून जाणार. तिथेच दोघं फिरतात. माझ्या वर्गात एका पोरानं विचारलं होतं, “सर, हे पयलेपासूनच खोटे होते का?” हा प्रश्न उत्तरात उतरवता आला तर तुझा कागद गठ्ठ्यातून वेगळा दिसेल. माझ्या मते आस्लाक्सन बदललाच नाही. घरमालकांचं नुकसान नको, हे त्याचं पहिल्यापासूनचं म्हणणं. हॉव्हस्टॅडचं तसं नाही. डॉक्टरच्या मुलीशी, पेत्राशी बोलताना त्याच्या तोंडून निघून जातं की डॉक्टरला मदत करण्यामागे तिच्याबद्दलची ओढही होती. म्हणजे तत्त्व आधीपासूनच पातळ होतं.

याच अंकात डॉक्टर मेयरची टोपी डोक्यावर चढवून, त्याची काठी हातात घेऊन ऐटीत मिरवतो. गाव आपल्या मागे आहे असं त्याला वाटत असतं. ही जागा सोडू नकोस. गाइडवाले डॉक्टरला देव करून ठेवतात, पण इब्सेननं त्याला हट्टी, भोळा आणि थोडा मानाचा भुकेला दाखवलाय. चौथ्या अंकातल्या सभेत तर तो पाण्याचा मुद्दा सोडून बहुमत कधीच बरोबर नसतं असं बोलू लागतो आणि उरलेसुरले लोकही तुटतात. तो खरं बोलतोय आणि वाईट पद्धतीनं बोलतोय, दोन्ही एकाच वेळी. उत्तरात ‘बट’ हा शब्द येण्याची ही हक्काची जागा.

कॅथरीन आणि पेत्रा यांच्यावर सहसा छोटे प्रश्न येतात. बायको आधी पोराबाळांच्या काळजीनं अडवते, नंतर नवऱ्याच्या बाजूला उभी राहते. मुलगी सुरुवातीपासून ठाम आणि त्यापायी शाळेतली नोकरी घालवते. एवढं पुरे. सासरा मॉर्टन कील विसरू नकोस मात्र. सगळ्यात घाण त्याच्या कारखान्याची, आणि आपल्या मुलीच्या, म्हणजे कॅथरीनच्या नावचा पैसा वापरून तो स्नानगृहांचे शेअर विकत घेतो. आता सत्य बोललं की बायकापोरांचं नुकसान, अशी कात्री तो जावयाला लावतो.

लिहिताना पहिलं वाक्य त्या माणसाला काय हवंय याचं. मग एक प्रसंग, दोन-तीन साध्या वाक्यांत. मग तो कुठे वळतो किंवा वळत नाही. विशेषण शेवटी, तेही एकच. इंग्रजी अवघड नको: ‘ॲट फर्स्ट हॉव्हस्टॅड प्रॉमिसेस टु प्रिंट द रिपोर्ट. व्हेन द मेयर टेल्स हिम हू विल पे, ही रिफ्यूजेस.’ एवढ्या इंग्रजीवर चांगले मार्क मिळतात. लांबलचक अवतरण पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. एखादा शब्द चुकला तर सगळंच पाठांतर उघडं पडतं.

पुस्तकात उताराच असल्यामुळे पात्रं अर्धवट कळतात. फारक्वारसन शार्प यांचा इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, मोबाइलवर उघडतो. पाचही अंक जमले नाहीत तर पहिला आणि तिसरा तेवढा वाच. मैत्रिणीला सोबत घेऊन मोठ्यानं वाच, एक मेयर, एक डॉक्टर. हे नाटक इब्सेननं 1882 मध्ये लिहिलं. आदल्या वर्षीच्या त्याच्या नाटकावर लोक तुटून पडले होते, त्या रागात. हे एक वाक्य उत्तरात घालायचं असेल तर डॉक्टरच्या सभेतल्या भाषणाला जोडून घाल. सुरुवातीला लेखकाचं चरित्र लिहिलंस तर जागा जाते आणि मार्क काही मिळत नाहीत.

आणि आस्लाक्सनचं स्पेलिंग पुस्तकात पाहून चार वेळा लिहून काढ. माझी निम्मी पोरं तिथेच अडतात.